नाताळच्या काळोख्या लोककथांवर कोकणात लघुभयपट: सोंग कोणतं घ्यावं, कसं बांधावं?

खळ्यातली गजाल

नमस्कार मंडळी. वेंगुर्ले तालुक्यातला आमचा छोटा गट २०२६ च्या डिसेंबरात एक लघुपट चित्रित करणार आहे, साधारण १८ मिनिटांचा. विषय आहे नाताळच्या जुन्या युरोपीय लोककथांमधली भीतीदायक मंडळी. सांताक्लॉजच्या हातात कुऱ्हाड दिली की झाला भयपट, त्या वाटेला आम्हाला जायचं नाही. लोककथेतलं मूळ भय पकडून त्यावर नवी अद्भुतकथा रचणारे पट आम्हाला आवडतात. 'क्रॅम्पस' (२०१५), फिनलंडचा 'रेअर एक्सपोर्ट्स' (२०१०) आणि नेदरलँड्सचा 'सिंट' (२०१०) हे तिन्ही गटातल्या सगळ्यांनी बारकाईने पाहिलेत.

कथेचा सांगाडा असा. सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराच्या, कडेला एका ख्रिस्ती कुटुंबाचं नळ्यांचं (कौलारू) घर. २४ डिसेंबरची रात्र. घरातली माणसं मध्यरात्रीच्या मिस्साला इगर्जीत (चर्चमध्ये) गेलीत, मागे आजी आणि नातू. दरवर्षी येणारं कुणीतरी यंदाही आलंय. शेवट किनाऱ्यावर. पुढचं सगळं मोकळं आहे.

आमच्याकडे बर्फ नाही, पाइनची जंगलं नाहीत, आणि डिसेंबरात रात्री एक चादर पुरते. मग बिनबर्फाची भीती उभी कशावर करायची? कोणती लोककथा इथे रुजेल? अंगभर केसांचं सोंग हाताशी असलेल्या सामानात कसं बांधायचं? आणि रात्रीच्या चित्रणात, समुद्राच्या इतक्या जवळ, काय काय बिघडतं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

बारावी रात्र

सोंग ठरवण्याआधी तारीख बघा. या सगळ्या कथा पंचांगाला बांधलेल्या आहेत आणि तारीख सैल सोडली की कथेतला दम जातो.

क्रॅम्पस आल्प्सचा, ऑस्ट्रिया, बव्हेरिया, दक्षिण टिरोल हा त्याचा मुलूख. त्याची रात्र ५ डिसेंबरची, म्हणजे ६ डिसेंबरच्या संत निकोलसच्या सणाची आदली रात्र. निकोलस शहाण्या मुलांना खाऊ देतो आणि हा साखळ्या, घंटा, बर्चच्या फोकांची जुडी घेऊन उरलेल्यांच्या मागे लागतो. चित्रपटाने त्याला नाताळच्या आठवड्यात ओढून आणला; हॉलिवूडमध्ये ते खपून गेलं. तुमच्या २४ तारखेच्या रात्रीवर त्याचा हक्क नाही. 'सिंट'मध्ये दिग्दर्शक डिक मास यांनी ५ डिसेंबर तर सोडलाच नाही, वर त्याला पौर्णिमेची अट जोडली. त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांतच प्रेक्षक मनात हिशोब करायला लागतो.

२४ ला येणारे दोन आहेत. पहिले आइसलँडचे. ग्रीला नावाच्या राक्षसिणीचे १३ मुलगे १२ डिसेंबरपासून रोज एक असे डोंगरातून उतरतात. कुणी दारं आपटतो, कुणी खिडकीतून डोकावतो, कुणी आकड्याने मांस ओढून नेतो. २४ ला शेवटचा येतो तो मेणबत्त्या चोरणारा. भीती पायरीपायरीने चढवायला ही रचना फार चांगली आहे, पण तिला अनेक रात्री लागतात आणि तुमच्याकडे एकच आहे.

दुसरे ग्रीसचे कालिकांझारी. माझा कौल यांना. वर्षभर ते जमिनीखाली असतात आणि पृथ्वीला तोलून धरणारं झाड करवतीने कापत बसतात. झाड तुटायला आलं की नेमका नाताळ येतो, हे काम टाकून वर धावतात आणि १२ दिवस माणसांच्या घरात धुमाकूळ घालतात. ६ जानेवारीला पाद्री पाणी मंतरतात, समुद्रात क्रूस टाकतात, आणि हे खाली परततात. तोवर झाड पुन्हा भरून आलेलं असतं. काळे, केसाळ, लाल डोळ्यांचे, पाय बकऱ्याचे नाहीतर गाढवाचे. धुराड्यातून आत येतात, म्हणून १२ दिवस चुलीतला विस्तव विझू द्यायचा नाही. आणि दाराबाहेर चाळण ठेवायची. तो भोकं मोजत बसतो, पण तीन हा आकडा पवित्र असल्याने त्याच्या तोंडून निघत नाही. एक, दोन, पुन्हा एक, दोन. असं करत उजाडतं.

यात बर्फ कुठेच नाही. समुद्र आहे, चूल आहे, उंबरठा आहे. ६ जानेवारीचा तीन राजांचा सण इथल्या ख्रिस्ती घरांना ठाऊक आहे. आणि जमिनीखालची करवत म्हटल्यावर तुमच्याकडे सड्यावर चिरेखाणी आहेत. दिवसभर यंत्राचं पातं जांभ्यातून फिरतंय, तो आवाज गावाच्या कानात बसलेला आहे. खाण बंद झाल्यावरही रात्री तोच आवाज, पण खालून. आणि २४ च्या रात्री तो थांबतो. आवाज थांबला म्हणजे ते वर आले. या एका कल्पनेवर तुमचे पहिले सहा मिनिट उभे राहतील.

पटकथा लिहिण्याआधी नियम एका पानावर लिहून काढा. तो कधी येऊ शकतो, कुठून येऊ शकतो, त्याला काय अडवतं, काय केलं की अडवणं निकामी होतं. चार ओळींत बसेल एवढंच. लोककथेतली भीती व्यवहाराची असते: अमुक ठेवलं तर तो तमुक करणार नाही. प्रेक्षकाला नियम कळला की मग चाळण नुसती दिसली तरी पोटात गोळा येतो. नियम नसलेला राक्षस कितीही भयंकर रंगवा, तो फक्त धावतो आणि ओरडतो. या जातीचे बहुतेक फसलेले पट इथेच फसलेत. दुसऱ्या अंकात राक्षसाला सोयीप्रमाणे नवी शक्ती मिळते आणि प्रेक्षक सुटतो.

चाळणीचा प्रसंग अगदी जवळून घ्या. जुनी लोखंडी चाळण, तार मधे दोन ठिकाणी तुटून भोकं एकमेकांत मिसळलेली. त्यावर एक काळं, चिरेमातीने लाल झालेलं नख एका भोकातून दुसऱ्यात जातंय. "एक. दोन." थांबणं. नख मागे. "एक. दोन." मग ते तुटलेल्या जागी येतं आणि अडखळतं, कारण तिथे दोन भोकांचं एक झालंय. चेहरा दाखवायची गरजच नाही. आत आजी जपमाळेचे मणी ओढतेय, तिचीही मोजणीच चाललीय.

'रेअर एक्सपोर्ट्स'कडून एक गोष्ट जरूर घ्या. यालमारी हेलांदर यांनी मूळ राक्षसाला शेवटपर्यंत बर्फातच ठेवलंय, शिंगं तेवढी दिसतात. भीती चढते ती चोऱ्यांनी. गावातले रेडिएटर, केस वाळवायची यंत्रं, बटाट्याची पोती नाहीशी होतात, आणि ती कशासाठी गेली हे कळतं तेव्हा अंगावर काटा येतो. तुमच्या घरातून काय जाईल ते ठरवा. चुलीजवळची फुंकणी, आडसर, दाराची कडी. उपयोगाच्या वस्तू जाऊ देत.

एक कळकळीची विनंती. कोकणी साज चढवायचा म्हणून आरवलीच्या वेतोबाला किंवा शिमग्यातल्या संकासुराला या राक्षसाच्या जागी बसवू नका. साम्य दिसतं हे खरं. संत निकोलससाठी मुलं बूट बाहेर ठेवतात आणि वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चपला वाहतात. काळा पोशाख, निमुळती उंच टोपी, कमरेला घुंगरू लावून पोरांच्या मागे धावणारा संकासुर क्रॅम्पसचा सख्खा वाटतो. पण ही जिवंत दैवतं आणि सोंगं आहेत, लोक त्यांना नवस बोलतात. साम्य अभ्यासाला घ्या, मोजणी आणि देणंघेणं उचला, वेश उचलू नका. तसंच नाताळच्या सणाबद्दल. घरातला येशूजन्माचा गोठा, तारा, नेवऱ्या, दोदोल हे सगळं प्रेमाने आणि अचूक दाखवा. संकट बाहेरून येतंय, सणातून नव्हे.

---

सोडण आणि सुंभ

बारावी रात्र यांच्या कालिकांझारीला माझंही अनुमोदन, कारण तो काथ्यात बांधता येतो. विकतची नकली फर महाग पडते, दिव्याखाली प्लास्टिकसारखी चमकते आणि दमट हवेत चिकटून बसते. काथ्या मंद दिसतो, वाऱ्यावर हलतो आणि सिंधुदुर्गात कुठेही मिळतो.

पाया म्हणून जाड सुती बॉयलर सूट घ्या, नटाच्या मापाहून दोन मापं मोठा. त्यावर मच्छीमारांकडचं जुनं नायलॉनचं जाळं शिवा, आस (जाळ्याचं भोक) ४ ते ५ सेंटिमीटरचा. जाळं गोड्या पाण्यात दोन दिवस भिजवून मीठ काढल्याशिवाय वापरू नका. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि सोंग कायम ओलसर राहतं. काथ्याचे २० ते २५ धाग्यांचे, ६० ते ७० सेंटिमीटरचे झुबके करा, मधोमध दुमडा, दुमड आसातून ओढून टोकं तिच्यातून काढा आणि आवळा. गाठ मारायची गरज नाही. सुरुवात घोट्यापासून करायची आणि वर चढत जायचं, घर शाकारताना वळचणीपासून आढ्याकडे जातात तसं, म्हणजे वरचा थर खालच्या गाठी झाकतो. वरून सुरुवात केली तर शेवटी जाळं उघडं दिसतं आणि मग उपाय नसतो. पूर्ण अंगाला ४ ते ५ किलो काथ्या धरा. काखा, कोपराची आतली बाजू आणि मांड्यांमध्ये झुबके लावू नका. हालचाल तिथेच अडते आणि घासून रक्त येतं. मानेला आतून मऊ सुती पट्टा.

काळा रंग: काथ्यात मुळातच कषाय (टॅनिन) असतं, त्यामुळे हिरडा आणि हिराकस (फेरस सल्फेट) उत्तम चढतो. एक किलो सुक्या काथ्याला २०० ग्रॅम हिरड्याची पूड रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी काथ्यासकट तासभर उकळा, निथळा. मग वेगळ्या भांड्यात ४० ग्रॅम हिराकस कोमट पाण्यात विरघळवून त्यात काथ्या अर्धा तास फिरवा. मिनिटभरात राखाडी, मग काळा होतो. तीनदा स्वच्छ धुवा. हिराकस उरला तर धागा महिन्याभरात कुजका होतो आणि नटाच्या मानेवर काळे डाग उठतात. एकसारखा काळा करू नका. एक पंचमांश काथ्या मूळ तपकिरी ठेवा, नाहीतर रात्री कॅमेऱ्याला नुसता काळा गोळा दिसेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सुका काथ्या ठिणगीने पेटतो आणि तुमच्या कथेत चूल आहे, मेणबत्त्या आहेत. एक लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि ४५ ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड विरघळवा, सगळ्या झुबक्यांवर भिजेपर्यंत फवारा, सावलीत पूर्ण वाळवा. मग एक झुबका काढून मोकळ्या जागी पेटवून बघा. काडी दूर केल्यावर त्याने स्वतःहून विझायला हवं. हे पाण्याने धुऊन जातं, म्हणून दवात भिजलेलं सोंग पुन्हा फवारावं लागतं. एवढं करूनही सोंग आणि ज्योत यांच्यात दोन मीटर अंतर ठेवा आणि पाण्याची बादली, ओलं गोणपाट हाताशी असू द्या. आत माणूस आहे.

नटाला सलग १५ मिनिटांपेक्षा जास्त आत ठेवू नका. चेन पाठीमागे लावली तर तो स्वतः बाहेर पडू शकत नाही. पुढे लावा आणि वरून काथ्याने झाका.

शिंगं ठेवणार असाल तर खऱ्याच्या नादी लागू नका. गवा किंवा सांबराचं शिंग, रानात पडलेलं सापडलं तरी, जवळ बाळगणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या फेविकॉलने चढवा. सहा-सात थर, प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, कसर लागू नये म्हणून. इथे ती नको, कारण मोरचुदातलं तांबं लॅटेक्सचा नाश करतं आणि शिंग मुखवट्याला टेकणारच. शिंगांचा भार मुखवट्यावर टाकू नका. आत जुनं क्रिकेटचं हेल्मेट, त्याला नट-बोल्ट आणि मोठे वॉशर.

डोळ्यांत एलईडी घालायचा मोह टाळा, खेळण्यासारखे दिसतात. गाडीला लावतात ती लाल रिफ्लेक्टर टेप बाहुलीच्या आकारात कापून चिकटवा आणि एक छोटी विजेरी कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी खेटून लावा. ही टेप उजेड आला त्याच दिशेला परत पाठवते, म्हणून डोळे फक्त कॅमेऱ्यालाच पेटलेले दिसतात. विजेरी हातभर बाजूला गेली की परिणाम संपला.

---

गाज

ध्वनी आणि उजेडाबद्दल थोडं.

समुद्राची गाज खालच्या पट्टीची आणि अखंड असते. दोन वाक्यं वेगवेगळ्या वेळी घेतली की मागची गाज बदललेली असते आणि संकलनात प्रत्येक जोड ऐकू येतो. संवाद किनाऱ्यापासून निदान एक किलोमीटर आत, डोंगराआड घ्या. ध्वनिमुद्रकावर ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग कापा. प्रत्येक जागी, सगळ्यांना गप्प उभं करून, दोन मिनिटं नुसती हवा मुद्रित करा. संकलक दुवा देईल. पाच मीटर दूरचा कॅमेऱ्यावरचा माइक इथे निरुपयोगी आहे.

करवतीचा आवाज खाणीवर जाऊन घेऊ नका, यंत्राच्या इंजिनात पातं बुडतं. जांभ्याचा तुकडा घ्या, सुताराची करवत आडवी ओढा, माइक दगडाच्या पाठीला टेकवा, मग वेग निम्मा करा. दातांचा खरखराट जमिनीतून आल्यासारखा उमटतो. आवाज थांबण्याआधी तो सतत, अगदी हळू, पाच मिनिटं चालू ठेवा. प्रेक्षकाच्या लक्षात न येता तो सवयीचा झाला पाहिजे, तरच थांबणं कळेल. थांबल्यावर लगेच संगीत आणू नका. साखळी वापरणार असाल तर अंगावर प्लास्टिकची, आवाज होडीच्या नांगराच्या साखळीचा, वेगळा मुद्रित.

उजेड: २५ फ्रेम आणि १/५० शटर. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ३० फ्रेमवर घेतलं की नाताळच्या ताऱ्यातले स्वस्त एलईडी लुकलुकतात आणि ते नंतर काढता येत नाही. जांभ्याचा गडगा उजेड गिळतो. चित्रणाआधी त्यावर पाणी मारा, मागून तिरका दिवा टाका, कडा चमकतात. शेणाने सारवलेल्या खळ्यावर मात्र पाणी नको. घसरायला होतं आणि सारवण उखडतं. निळसर उजेडाची वेळ सूर्यास्तानंतर जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं मिळते. घराचं बाहेरचं सगळं त्यात उरका, काळोखात घराची आकृती दाखवायला जितके दिवे लागतात तितके तुमच्याकडे नसतील.

धूर हवा असेल तर खारं वारं पडल्यावर आणि मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारं वारं) सुरू होण्याआधीच्या मोकळ्या वेळात. वारा असताना यंत्राचा धूर चौकटीत क्षणभरही टिकत नाही. सड्यावर काहीही जाळू नका, डिसेंबरात गवत पिवळं झालेलं असतं आणि वणवा थांबवता येत नाही. पहाटे व्हाळावर (ओढ्यावर) खरं धुकं बसतं, ते फुकटचं आहे.

आणि फुरसं, हा विषारी साप. सडा हे त्याचं घर आहे. पूर्ण बूट, प्रत्येकाच्या हाती विजेरी, दगड हाताने उचलायचा नाही, सामान जमिनीवर उघडं ठेवायचं नाही. सोंगातल्या नटाला पायाखालचं दिसत नाही, त्याच्यासोबत कायम एक माणूस. जुन्या चिरेखाणींच्या कडा ताशीव असतात, तळात पाणी साठलेलं असतं. उजेडी जाऊन कडेपासून तीन मीटरवर दोरी बांधा आणि रात्री कुणीही तिच्या पलीकडे नाही.

---

खळ्यातली गजाल

मनापासून आभार. कालिकांझारी नक्की. चाळणीचा प्रसंग मध्यभागी येईल, आणि नातू खेळता खेळता चाळण घरात आणतो तिथून बिघडत जाईल.

दोन शंका. एक, मुखवट्यासाठी लॅटेक्स हवं आणि दोडामार्गला रबराच्या बागा आहेत. तिथून ताजा चीक आणला तर चालेल का? दुसरी, शेवटचा प्रसंग किनाऱ्यावर, २४ डिसेंबरलाच घ्यायचाय, पौर्णिमेचा चंद्र आहे म्हणून. सूर्यास्तापासून मध्यरात्रीपर्यंत तिथे काम चालेल.

---

सोडण आणि सुंभ

बागेतला चीक नको, ताई. ताज्या चिकात रबर साधारण ३० ते ३५ टक्के, बाकी पाणी. अमोनिया न घातल्यास काही तासांत गोठतो. आणि त्याला गंधकाचा संस्कार झालेला नसतो, म्हणून त्यातून काढलेला मुखवटा उन्हात चिकट होतो आणि ओढला की फाटतो. ६० टक्क्यांचं, आधीच व्हल्कनाइज केलेलं लॅटेक्स मागवा. साच्यात टाकायला तेच लागतं.

नटाच्या डोक्याचा ठसा घ्या, त्यावर शाडूने चेहरा घडवा. लॅटेक्स वाळताना आकसतं, म्हणून सगळं साधारण पाच ते दहा टक्के मोठं घडवा, विशेषतः डोळ्यांची भोकं. प्लास्टर ऑफ पॅरिस नवीन, न उघडलेल्या पिशवीतलं घ्या. आपल्या हवेत उघडी पिशवी आठवड्याभरात मरते, गुठळ्या होतात आणि साचा भुसभुशीत निघतो. वजनाने १० भाग प्लास्टरला ७ भाग पाणी; पाण्यात प्लास्टर भुरभुरवायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही. दोन फाकांचा साचा, भिंत ३ ते ४ सेंटिमीटर.

साचा हाताला कोरडा लागेपर्यंत उन्हात ठेवा. लॅटेक्स बसतं ते प्लास्टर पाणी शोषतं म्हणून. ओला साचा शोषत नाही आणि थर पातळ राहतो. आतून तेल, व्हॅसलीन काहीही लावू नका. काठोकाठ भरा, ३० ते ४५ मिनिटं थांबा, उरलेलं परत ओता. थर २ ते ३ मिलिमीटरचा बसायला हवा. नाक आणि भुवया कापसावर लॅटेक्स घेऊन आतून जाड करा, पण एकदम नको. सावलीत, वाऱ्याच्या तोंडाला, दोन दिवस. किनाऱ्याजवळ तीन धरा. आत कुठे दुधाळ पांढरा डाग दिसला तर तिथे अजून ओल आहे, थांबा. काढण्याआधी आतून टाल्कम पावडर, नाहीतर दोन गाल एकमेकांना चिकटतात ते सुटत नाहीत. हे सगळं उघड्या पडवीत करा, अमोनियाचा वास डोळ्यांत जातो.

दोन गोष्टींनी मुखवटा हमखास जातो. पितळी घुंगरू किंवा तांब्याची तार त्याला टेकली की तिथे डाग पडून रबर ठिसूळ होतं. आणि खोबरेल तेल. नटाने त्या दिवशी डोक्याला तेल लावायचं नाही, आतून सुती टोपी घालायची. तेल लागलेली जागा फुगते आणि दोन रात्रींत फाटते.

---

दर्याकिनारी

किनाऱ्याच्या वेळापत्रकात घोळ आहे, तो आत्ताच सोडवा. तिथीला तीनने गुणून चाराने भागलं की भरतीची ढोबळ वेळ येते. पौर्णिमेला सव्वाअकरा, अर्धा तास इकडे तिकडे. म्हणजे पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आधी, पूर्ण ओहोटी संध्याकाळी पाच-सहाला. २४ डिसेंबर २०२६ ला पौर्णिमा सकाळीच संपते, त्या रात्री प्रतिपदा, म्हणून भरती आणखी पाऊण तास पुढे धरा. सूर्यास्ताला तुम्हाला लांबरुंद ओली पुळण मिळेल, तिच्यावर चंद्र आणि उरलेला निळा उजेड दोन्ही पडतात, फार देखणी दिसते. रुंद चौकटी तेव्हाच घ्या. नऊनंतर पाणी चढायला लागेल, उधाणाची भरती आहे, दिवे आणि वायरी सुरूच्या झाडांच्या वर न्या. कथेत शेवटी पाणी त्याला खाली नेणार असेल, तर रात्री दहा ते बारा समुद्र तुमच्यासाठी तेच करतोय. कॅमेरा वर ठेवून पाऊलखुणा पुसल्या जाताना घ्या. काथ्याचं सोंग घालून कुणालाही पाण्यात उतरवू नका. भिजल्यावर वजन दुपटीहून वर जातं आणि उधाणाची ओढ जोराची असते.

जागा निवडताना कासवांचं बघा. ऑलिव्ह रिडलीचा अंडी घालायचा हंगाम याच दिवसांत सुरू होतो. मोठे दिवे आणि गर्दी दिसली की मादी अंडी न घालता परत फिरते. वायंगणीसारखा कासवांचा किनारा घेऊच नका. दुसरीकडेही आधी वनखात्याला आणि गावातल्या कासवमित्रांना विचारा, आणि दिवे समुद्राकडे तोंड करून लावू नका.

परवानग्या: ग्रामपंचायतीचं पत्र, पोलिस ठाण्याला लेखी कळवणं, किनारा किंवा जेटीसाठी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग हे किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत, त्यांचा अर्ज वेगळा आणि वेळखाऊ. इगर्जीचा आतला भाग मागू नका. बाहेरून तारा आणि घंटा पुरे, तेही फादरना पटकथा वाचायला देऊन. २४ ला ते मिस्साच्या गडबडीत असतात, नोव्हेंबरातच भेटा. बॅटरी लावून गावात कर्कश पार्श्वसंगीत वाजवून तालीम करू नका, त्या रात्री लोक प्रार्थनेला जात असतात.

अजून एक. दशावताराच्या कंपन्या तेव्हा जत्रांमध्ये अडकलेल्या असतात, दत्तजयंतीही त्याच सुमारास. रंगपटातला जाणता माणूस किंवा पखवाजवाला हवा असेल तर त्याच्याशी दिवाळीआधी बोला आणि चित्रण घराच्या आतलं असेल तर ते जानेवारीत ढकला. आत २४ तारीख आहे की १४ हे भिंतींना कळत नाही.

---

खळ्यातली गजाल

बाहेरचं २३ आणि २४ ला, आतलं जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, असं ठरवतोय. मधल्या तीन आठवड्यांत मुखवटा कसा ठेवायचा?

---

सोडण आणि सुंभ

ओल्या फडक्याने घाम पुसा, पूर्ण वाळवा, आतबाहेर टाल्कम पावडर लावा. आत वर्तमानपत्राचे गोळे कोंबून आकार भरा, नाहीतर गाल बसतात आणि ती घडी परत जात नाही. सुती पिशवीत, अंधाऱ्या कपाटात. ऊन आणि इन्व्हर्टरची खोली दोन्ही टाळा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलात तर आत बुरशी येईल. शिंगं काढून वेगळी ठेवा. आणि काथ्याचं सोंग टांगू नका, वजनाने खांदे ओघळतात. माळ्यावर आडवं पसरा, आठवड्यातून एकदा ऊन दाखवा. जानेवारीत पहिल्या दिवशी टाकणखाराचा फवारा पुन्हा मारून एक झुबका पेटवून बघा, मगच चुलीजवळ जा.